साळूआक्काचं सोयर

साळूआक्काच्या अंगणात कुणालाच सरळ पाय टाकता येत नसे. बोरीच्या काट्यांचं झापं बाजूला सारायच्या आधी आतून प्रश्न यायचा, "घरी नवीन कोन आलं का?" सून आली असेल, म्हैस आणली असेल, तर तिची काही हरकत नव्हती. तिला विचारायचं असायचं ते कोंबड्यांबद्दल. कुणी चुकून म्हणालं की हो, बाजारातून दोन कोंबड्या आणल्यात, की संपलं. तो माणूस बारा दिवस काट्यांच्या बाहेर. घरात मूल जन्मलं की घरच्यांना सोयर असतं, ते फिटेपर्यंत देवाला शिवायचं नाही, तसंच नवी कोंबडी आली की त्या घराला बारा दिवसांचं सोयर, असा तिचा कायदा होता. तो तिनं कुठून आणला हे अख्ख्या बेलापुरात कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या सासूलाही ठाऊक नसावं, कारण सासूच्या वेळी कोंबड्या नव्हत्याच म्हणे.

हा कायदा सगळ्यांना सारखा. एकदा जनावरांची नोंद करायला सरकारी माणूस आला होता, बूट, गळ्यात ओळखपत्र, हातात कागद. आक्कानं त्याला विचारलं, सकाळपासून किती घरं झाली? तो कौतुकानं म्हणाला, चौदा. तिनं त्याला बाहेरच दगडावर बसवलं, बाहेरच चहा दिला आणि बाहेरूनच कोंबड्या मोजून घ्यायला लावल्या. कोंबड्या काही एका जागी उभ्या राहत नाहीत. त्या गृहस्थानं तीनदा मोजल्या, तीन वेगळे आकडे आले, शेवटी मधला लिहून निघून गेला.

मी तिची शेजारीण झाले ती निवृत्तीनंतर. एकतीस वर्षं मी हायस्कुलात विज्ञान शिकवलं. पाटाच्या कडेला आम्ही चार गुंठ्यांत घर बांधलं, आणि आमच्या आणि तिच्या मध्ये तेच ते काट्यांचं कुंपण. पहिल्याच दिवशी मी पेढे घेऊन गेले तर तोच प्रश्न. मी म्हटलं, आक्का, घरी नवीन आम्हीच आलोय. ती जरा विचारात पडली आणि मग म्हणाली, "मानसांचं काय न्हाई. या."

तेव्हा ती सत्तरीच्या पुढची होती. काटकुळी, नऊवारीचा ओचा वर खोचलेला, उजव्या कानानं कमी ऐकू येणारी. मालक जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर आणि वीस-बावीस कोंबड्या, एवढा तिचा संसार. कोंबड्यांना तिनं लाडाची नावं ठेवली नव्हती, खोडीची ठेवली होती. एक चोरटी, एक बोलघेवडी, एक रुसकी. एका कोंबड्याला ती ग्रामसेवक म्हणायची, कारण तो दिवसभर नुसता इकडून तिकडं फिरायचा. अंडी ती खायची, विकायची, बाळंतिणीला नेऊन द्यायची; पण कोंबडी खायची नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, शेजारनीला कोन खातं?

तिचा मुलगा बाळासाहेब. आमच्या नगर जिल्ह्यात बारशालाच नावापुढं साहेब लावून टाकतात, पुढं साहेब होवो न होवो. हा चाकणला कंपनीत होता, माणूस सज्जन. दिवाळीला आणि उन्हाळ्यात यायचा, आणि दर वेळी एकच विषय काढायचा: आई, आता चल तिकडं. आई दर वेळी एकच उत्तर द्यायची: कोंबड्या कुनावर टाकू? त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कोंबड्या नेता येत नाहीत, आणि विकून टाक म्हटलं की ती दोन दिवस त्याच्याशी बोलायची नाही. माझ्यासमोर मात्र ती उघड बोलायची. एकदा ती आठ दिवस तिकडं राहून आली होती. म्हणाली, "सून चांगली हाय, नातवंडं चांगली हायेत. पन बाई, आठ दिस पायाला माती लागली न्हाई. दिसा पन लाइट लावून मोरीत जायचं. माझा जीव हितं जाऊ द्या." मग कोंबड्यांकडं हात करून म्हणाली, "ह्या हायेत तोवर मला कोन नेत न्हाई." कोंबड्या तिला सांभाळत होत्या, हे तिला चांगलं कळत होतं आणि मलाही.

तर अशा बाईच्या शेजारी राहून मला कोंबड्या पाळायची हौस न झाली तरच नवल. मी रीतसर शिकणारी बाई. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, वहीत टिपणं काढली आणि जाळीचं एक तयार लाल खुराडं मागवलं. दिसायला फार देखणं. आक्का बघायला आली, जाळीच्या फटीतून हात आत घातला तो पार कोपरापर्यंत. म्हणाली, माझा हात जातो तिथं मुंगसाचं अख्खं खानदान जाईल. ते खुराडं पुढं आमच्याकडं कांदे ठेवायला कामी आलं.

मग तिनं मला हाताशी धरलं, म्हणजे धारेवरच धरलं. पहिला धडा, दिवसभर अंगणात नुसतं बसायचं. लिंबाखाली खुर्ची टाकून मी बसले. ऊन कुठून येतं, सावली कधी सरकते, मांजर कोणत्या बाजूनं येतं, सगळं बघायचं. संध्याकाळी तिनं कुंपणापलीकडून तोंडी परीक्षा घेतली. घार कितीदा आली? मी म्हटलं, दोनदा. ती म्हणाली, तीनदा. एकदा तुमी मोबाईलमधी हुत्या. आयुष्यभर मुलांना निरीक्षण करा निरीक्षण करा म्हणून ओरडले, आणि एका अंगठेबहाद्दर बाईनं मला पहिल्याच पेपरात नापास केलं.

विटांचं खुराडं झालं, चार दगडी पायांवर, तोंड पूर्वेला. बसायला बाभळीची दांडी, खाली राख आणि भुसा. अंगणाच्या कोपऱ्यात राखेचा खड्डा, कोंबड्यांना लोळायला. आक्कानं दांडीवरून स्वतः हात फिरवून एकेक कुसळ काढलं. सगळं सज्ज झालं तेव्हा मी म्हटलं, आता द्या तुमच्याकडच्या चार तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या कोवळ्या कोंबड्या. ती म्हणाली, आता एक महिना रिकामं खुराडं लावायचं. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. नाही, बरोबर ऐकलं होतं. रोज दिवस मावळताना जायचं, आत वाकून बघायचं, दार लावायचं, कडी घालायची. सकाळी उघडायचं. आत काही नाही. सलग तीस दिवस. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

"कोंबडी तुमाला माफ करील बाई," ती म्हणाली, "मुंगूस करनार न्हाई. तुमचा हात पक्का हुईस्तवर मी एक पीस देनार न्हाई."

मी चिडले, पण लागले. आमचे हे रोज विचारायचे, काय, आज किती कोंबड्या नाहीत? एकोणिसाव्या दिवशी राहुरीला लग्न होतं, जेवणं लांबली, परतेपर्यंत अंधार. आक्का दुसऱ्या दिवशी म्हणाली, एक. म्हणजे आज पहिला दिवस. पुन्हा सुरू केलं. सव्विसाव्या दिवशी मला ताप भरला. ह्यांना सांगितलं तर हे क्रिकेट बघत बसले आणि विसरले. मी आक्काला तापाचं सांगितलं. ती कपाळाला हात लावून गेली, काढा करून आणला, पाय चेपून दिले, आणि जाता जाता म्हणाली, "एक."

तिथं माझं डोकं फिरलं. खरं सांगते, अपमान वाटला. साठीची बाई मी, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, आणि रिकाम्या खुराड्याची कडी घालायला मला परीक्षा? बरं वाटल्यावर आठवडी बाजाराला गेले आणि एका डालग्यातून पाच कोंबड्या उचलल्या. तकतकीत होत्या, एक तर अगदी सोनेरी. मागच्या दारानं आणल्या, खुराड्यात सोडल्या, वर चादर टाकली. बेत असा होता की पहिलं अंडं झालं की तेच नेऊन आक्काच्या हातावर ठेवायचं. मग म्हणावं, आता म्हणा 'एक'.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी तिच्याकडं चहाला गेले. न जाते तर तिला संशय आला असता. काट्यांपाशी नेहमीचा प्रश्न आला, घरी नवीन कोन आलं का?

"कुणी नाही," मी म्हटलं, आणि तशीच आत गेले. खुराड्यात फिरलेल्याच चपलांनी.

सोयराचं मला हसूच यायचं. मी अंधश्रद्धेवर मुलांची नाटकं बसवलेली बाई, मला असल्या गोष्टींचं काय सोयरसुतक! आज वाटतं, ती जर 'जंतू' म्हणाली असती तर मी निमूट ऐकलं असतं. नवीन पक्षी वेगळा ठेवावा, त्याच्याकडून आलेल्या माणसानं कळपात जाऊ नये, हे मी पुस्तकात वाचलं असतं तर फळ्यावर लिहून दिलं असतं, खाली दोन रेघा मारून. पण ती 'सोयर' म्हणाली. तो शब्द ऐकून माझे कान मिटले. तिच्याकडं गोष्ट खरी होती आणि नाव जुनं होतं; माझ्याकडं नुसती नवी नावं होती.

चौथ्या दिवशी सोनेरी कोंबडी मान पाडून बसली. हिरवट पाणी टाकायला लागली, मग मान पिळवटून मागं वळली. संध्याकाळपर्यंत गेली. आठवडाभरात पाचही गेल्या. मी त्या पाटाच्या कडेला पुरल्या आणि तरीही, देवा, तरीही आक्काला सांगितलं नाही. तेव्हा सांगितलं असतं तरी उशीरच झाला होता, असं नंतर जनावरांचे डॉक्टर म्हणाले. पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तेव्हा मी फक्त लाजेपोटी गप्प बसले.

नवव्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडं आवाज नव्हता. रोज फटफटीत उजाडायच्या आधीपासून ग्रामसेवकाचा गलका असायचा. मी गेले तर झापं उघडंच. आक्का खुराड्यापाशी फतकल मारून बसलेली, मांडीवर बोलघेवडी, तिची मान तशीच पिळवटलेली. त्या दिवशी तिनं मला काही विचारलं नाही.

मानमोडी, डॉक्टर म्हणाले. लस आधी द्यावी लागते, आता हाती काही नाही. लस देणारा माणूस दोनदा गावात येऊन गेला होता, पण तो घरोघरच्या कोंबड्या हाताळून येतो म्हणून आक्कानं त्याला काट्यांच्या बाहेरूनच लावून दिलं होतं. हे कळलं तेव्हा मला, लाज वाटते सांगायला, क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. चला, तिचंही चुकलंच की. नंतरही कितीदा मी ते स्वतःला समजावून पाहिलं. समजत नाही. तिच्या अंगणात ती साथ वाऱ्यानं आली नव्हती, माझ्या पायांनी आली होती.

पाच दिवसांत बावीसच्या बावीस गेल्या. आक्कानं परसात खोल खड्डा घेतला, खाली चुना, वर चुना, मीठ. खड्डा तिनंच खणला, मला फावड्याला हात लावू दिला नाही. आणि मग तिनं दहा दिवस सुतक धरलं. देवापुढं दिवा नाही, कुणाच्या घरी जाणं नाही, आपल्या घरी कुणाला येऊ देणं नाही. गावात लोक हसले. कोंबड्यांचं सुतक कोण धरतं, म्हातारी बिथरली, म्हणाले. मी हसले नाही. आळीत आणखी तीन घरी कोंबड्या होत्या, आणि त्यांतली एकही दगावली नाही.

अकराव्या दिवशी मी गेले. रात्रभर पाठ केलेलं सगळं विसरले आणि नुसतं म्हटलं, आक्का, माझ्यामुळं झालं.

ती चुलीपुढं बसली होती. "ठावं हाय," म्हणाली.

कधीपासून? पहिल्या दिवसापासून. मी चहाला आले त्या सकाळी माझ्या पदराला पीस होतं, सोनेरी. तिच्याकडं सोनेरी कोंबडी नव्हती. मग मला हाकललं का नाही आक्का, म्हणून मी रडायलाच लागले. तिनं पुष्कळ वेळ जाळ पुढं सारला, मागं घेतला.

"तुमी 'कुनी न्हाई' म्हनाला," ती म्हणाली. "आता मानसाला तोंडावर खोटं कसं म्हनायचं. तेबी बाईंना."

बाळासाहेबांना कुणीतरी फोन केला होताच. आता कोंबड्या कुणावर टाकू हा प्रश्न उरला नव्हता. तो रविवारी गाडी घेऊन येणार होता. तेवढे चार दिवस आक्का आमच्याच अंगणात होती. माझं खुराडं तिनं आतून बाहेरून घासलं, राख-भुसा काढून जाळला, दोन हात चुना मारला. मी म्हणत होते, आक्का, राहू द्या, मला नाही पाळायच्या आता. ती ऐकत नव्हती. उन्हाळाभर तसंच तापू द्या, मग आना, म्हणाली. आनि आनल्या की लस द्या. त्या मानसाला आत घ्या, पाय धुवून. माझं तेवढं चुकलं.

मी म्हटलं, आक्का, तुम्ही जाऊ नका. इथं आमच्याकडं राहा. मी बाळासाहेबांना खरं काय ते सांगते, माझी चूक आहे, मी तुम्हाला सांभाळते.

तेव्हा तिनं चुन्याचा कुंचा खाली ठेवला आणि पहिल्यांदाच मला बाई न म्हणता बोलली. "पोरी, येक कर. त्याला सांगू नको. तो तापट न्हाई, पन ह्ये इसरनार न्हाई. मग तुमच्या घरचं नाव काढलं की तो मला हिकडं आननार न्हाई. आता माझं घर बंद हुनार. ह्या गावात माज्यासाठी येक दार उघडं ऱ्हाऊ दे. दिवाळीला ईन, चार दिस तुझ्याकडं ऱ्हाईन." मी हो म्हटलं.

दिवाळीला ती आली नाही. भाद्रपदातच गेली, तिकडंच. बाळासाहेबांचा फोन आला तेव्हा सगळं उरकलं होतं. झोपेतच गेली, काही त्रास झाला नाही, असं तो म्हणाला. शेवटी शेवटी जेवण कमी केलं होतं, तक्रार कशाचीच नव्हती, गॅलरीत बसून असायची. मी तिच्यासाठी बाहेरच्या खोलीत खाट टाकून ठेवली होती, ती अजून तशीच आहे. ह्यांनी एकदा ती हलवू का विचारलं, तर मी त्यांच्या अंगावर धावून गेले.

त्यामुळं माझ्यापाशी तिचं शेवटचं म्हणून आहे ती त्या रविवारची सकाळ. गाडी फाटकापाशी उभी. एक पिशवी, एक पेटी, एवढंच सामान. बाळासाहेबानं तिला पुढं बसवलं, पट्टा लावला. तो पट्टा गळ्याला लागत होता म्हणून ती दोन्ही हातांनी धरून बसली होती. घराला कुलूप घालून तो माझ्याकडं आला आणि साधेपणानंच म्हणाला, "बाई, तुम्ही सायन्सच्या. कशानं झालं हो हे? आईनं इतकं जपलं, आणि एकदम सगळ्याच?"

मी गाडीकडं पाहिलं. काच खाली होती. आक्का समोर बघत होती, पण चांगला कान माझ्याकडं होता.

"साथ होती," मी म्हटलं. "येते अशी. वाऱ्यानंही येते."

त्यानं मान हलवली. म्हणाला, मीही आईला तेच म्हणत होतो, कुणाचा काय दोष. गाडी सुरू झाली. मी खिडकीपाशी गेले, तर आक्कानं पट्ट्यावरचा एक हात सोडून माझ्या हातावर ठेवला आणि मुलाला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाली, "बाळू, बाईंनी लई केलं बरं का माझ्या कोंबड्यांचं."

बाळासाहेबानं गाडीतूनच मला हात जोडले. काय करणार होते मी? मीही जोडले.